वाळल्या डोंगराचा फोटो

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. नव्या घरात राहायला गेला तेव्हा हॉलच्या भिंतीसाठी त्यानं माझ्याकडे फोटो मागितला. 'चांगला चार फुटी पाठव. वाईचा. आपल्या डोंगरांचा.' मी एप्रिलमध्ये पसरणी घाटातून काढलेला, माझा अगदी लाडका फोटो पाठवला. दोन दिवस काहीच उत्तर नाही. मग निरोप आला, 'मस्तच आहे रे. पण जरा हिरवा नाही का?'

आहेत ना, हिरवे ढिगानं आहेत. जुलैतला डोंगर, माथ्यावर ढग, मधे धबधब्याची पांढरी रेघ. पण खरं सांगतो, आमच्या पावसातला हिरवा कॅमेऱ्याला झेपत नाही. भाताच्या तरव्याचा पोपटी, कारवीचा काळपट, बांधावरच्या गवताचा, दगडावरच्या शेवाळाचा असे डोळ्यांना चार-पाच हिरवे दिसतात; फोटोत त्यांचा एकच होतो, तोही प्लास्टिकच्या तोरणासारखा. त्यावर मोबाइल स्वतःच्या पदरचा आणखी एक हात मारतो तो वेगळाच. भावाला शेवटी सप्टेंबरमधला पाठवला. सोफ्याला शोभतो म्हणे.

वर्षातले सहा-सात महिने हे डोंगर पिवळे, मग तपकिरी, मग वणवा लागून गेला की ठिकठिकाणी काळे असतात. तरी शाळेत चित्रकलेच्या तासाला आम्ही सगळ्यांनी डोंगर हिरवेच रंगवले. खिडकीतून समोर पिवळाधमक पांडवगड दिसत असताना!

उन्हाळ्यात सह्याद्रीची हाडं दिसतात. काळा कडा, त्याखाली वाळल्या गवताचा उतरता पट्टा, परत कडा, परत पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातल्या टणक थरांचे कडे झाले, ठिसूळ होते ते झिजून उतार झाले. या लाव्ह्याच्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आलाय, हे मला कितीतरी उशिरा कळलं. पायऱ्या मात्र रोज समोर होत्या. घाटात रस्ता कापलाय तिथे कुठे कुठे दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी मातीची एक पट्टी दिसते. एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत जी जमीन तयार झाली, ती वरून आलेल्या लाव्ह्यानं भाजून निघाली, तीच ही. पावसाळ्यात यावर गवत, शेवाळ आणि धुकं. फोटो काढणाऱ्याला दिसतो तो नुसता गालिचा.

झाडांचंही तेच. एप्रिलच्या उघड्या उतारावर कांडोळ असा पांढराफटक उभा असतो की त्याला भुत्या का म्हणतात ते विचारावं लागत नाही. आणि कुसुंबाला लालभडक पालवी फुटते ती याच दिवसांत.

गावाचं म्हणाल तर कृष्णेचं पाणी उतरल्याशिवाय वाईचे घाट पुरते दिसत नाहीत. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 सालचं, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं. जो तो पुढून मूर्तीचा फोटो घेतो आणि निघतो. मी पाठीमागे जातो. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. नदी आटलेली असली की खाली उतरून तिच्या समोर उभं राहता येतं. तिथून ती भिंत पाण्याची वाट बघत असल्यासारखी दिसते.

अर्थात उन्हाळ्यात त्रासही आहेच. दुपारी उन्हानं सगळं सपाट होतं, आणि धुरळ्यामुळे समोरचा डोंगर मळक्या काचेतून बघितल्यासारखा. म्हणून मी वळवाची वाट बघतो. संध्याकाळी अर्धा तास पाऊस झोडपून जातो, हवा धुऊन निघते आणि मावळतीचं ऊन आडवं येऊन एकेका पायरीवर चढतं. हे सगळं मिळून वीस मिनिटं. त्यासाठी आठवडाभर हेलपाटे.

मागच्या मे महिन्यात असाच तिपाई लावून बसलो होतो. एक म्हातारे धनगर शेरडं घेऊन वरून उतरले. थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ समोरच्या डोंगराकडे बघत राहिले.

"कशाचा फोटू काढताय?"

"डोंगराचा."

"आता काय हाय हितं? पावसाळ्यात या की. न्हाईतर कासला जावा, फुलं असत्यात."

"तिकडं लई गर्दी असते, बाबा."

ते त्यांना पटलं. शेजारी टेकले, तंबाखू मळली. मग म्हणाले, "मग आमच्या शेरडांचा तरी घ्या एक." घेतला. पण तपकिरी शेरडं तपकिरी उतारावर अशी मिसळून गेली की फोटोत मलाच सापडेनात. त्यांना स्क्रीन दाखवला. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, करंगळीच्या नखानं एकेक टिपत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत राहिले. मला वाटलं, फोटो आवडला.

"एक कमी हाय," म्हणाले, कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि काठी उचलून आल्या वाटेनं वर निघाले.