फॉर्मवरचा थायमसचा रकाना

यलो फिव्हरची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या पीतज्वराची, लस आमच्या केंद्रात ठरलेल्या वारीच मिळते. एका व्हायलमध्ये दहा डोस. पावडरीत द्रावण मिसळलं की सहा तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून त्या दिवशी रांग मोठी असते आणि सगळ्यांचे हात भराभर चालतात.

त्या दिवशी चौसष्ट वर्षांचे एक काका आले. मुलीकडे नैरोबीला निघालेले, विमान बारा दिवसांवर. लशीचं सर्टिफिकेट डोसनंतर दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तारखा बसत होत्या. फॉर्म ट्रॅव्हल एजंटने भरलेला: अंड्याची अ‍ॅलर्जी, स्टेरॉइड, थायमसचा (छातीतली एक ग्रंथी) आजार, सगळ्यापुढे ‘नाही’. माणसाला न विचारता असे फॉर्म भरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

०.५ मिली सिरिंजमध्ये ओढून झालं होतं. काकांनी बाही वर घेण्यासाठी वरची दोन बटणं सोडली आणि गळ्याखालून सरळ उतरणारा पांढरा व्रण दिसला.

“बायपास झालीये का, काका?”

“नाही हो. छातीतली गाठ काढली होती, पंधरा वर्षं झाली. डोळ्याची पापणी पडायची ना, त्यासाठी. गोळी अजून चालू आहे.”

म्हणजे मायस्थेनिया, स्नायू लवकर थकण्याचा आजार, आणि काढलेली ग्रंथी थायमस. लशीतला विषाणू जिवंत, कमजोर केलेला. थायमसचा आजार असलेल्यांच्या शरीरात तो आवरला न जाता यकृत-मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो, जीवही जाऊ शकतो. साठीनंतरच्या पहिल्या डोसला धोका आधीच जास्त. सिरिंज बाजूला ठेवली, डॉक्टरांना बोलावलं.

त्यांनी लस न देण्याच्या वैद्यकीय कारणाचं पत्र दिलं. नैरोबी शहरात या तापाचा धोका फार कमी, त्यामुळे मुलीकडेच राहा, जंगल सफारी नको, दिवसाही डास चावू देऊ नका, असं बजावलं. पत्र असलं तरी परतल्यावर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, हेही सांगितलं. आपल्याकडे हा ताप पसरवणारे एडीस डास भरपूर आहेत, ताप मात्र नाही. तो येऊ नये म्हणून ही कडक तपासणी, आणि ती योग्यच आहे.

‘थायमस’ शब्द काकांना ठाऊकच नव्हता. एजंटने विचारलं असतं तरी ते ‘नाही’च म्हणाले असते. आता मी प्रत्येकाला विचारते: छातीचं ऑपरेशन झालंय? पापणी पडते? गिळताना त्रास होतो? पण दुर्बिणीने ग्रंथी काढलेल्यांचे व्रण बरगड्यांपाशी असतात. बाही वर करताना ते दिसणारच नाहीत.