ॲस्परजिलसची पीसीआर: मशीनच्या आधी नळी सांभाळा

एएमएलच्या (रक्ताच्या एका तीव्र कर्करोगाच्या) पहिल्या केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५००च्या खाली जातात आणि दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त वर येत नाहीत. ॲस्परजिलस (हवेतून येणारी एक बुरशी) फुप्फुसात जोर धरतो तो याच काळात. ब्लड कल्चरमध्ये तो जवळजवळ कधीच उगवत नाही. ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने फुप्फुसाची तपासणी) करावी तर प्लेटलेट वीस हजारसुद्धा नसतात, रक्तस्रावाची भीती. म्हणून त्याचा डीएनए रक्तातच शोधायचा, पीसीआरने, म्हणजे त्या डीएनएच्या असंख्य प्रती बनवून. कोविडच्या वेळचं मशीन हाताशी होतं, त्यावर सोलापुरातच ही तपासणी सुरू करायची ठरली. माझं सगळं लक्ष त्या मशीनकडे होतं, आणि अडलं ते नळीपाशी.

नळी जांभळ्या टोपीची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन). सीरम चालतं, पण रक्त गोठताना बुरशीचा थोडा डीएनए गाठीत अडकतो, म्हणून आम्ही प्लाझ्माच घेतो. तीन मिलि रक्त पुरतं. या पेशंटचं हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) इतकं उतरलेलं असतं की त्यातून दीड-पावणेदोन मिलि प्लाझ्मा आरामात निघतो. हिरव्या टोपीची नळी अजिबात नको, कारण तिच्यातलं हेपरिन (हेही रक्त गोठू न देणारं) पीसीआर मारतं.

हे सगळ्यांना पाठ होतं. तरीही एकाच पेशंटच्या लागोपाठ तीन नमुन्यांत इंटर्नल कंट्रोलच (तपासणी नीट चालली का हे कळायला प्रत्येक नमुन्यात मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनए) उठला नाही. नळी जांभळीच होती. पण रक्त पिक लाइनमधून (दंडातून मोठ्या शिरेपर्यंत घातलेल्या बारीक नळीतून) काढलं होतं आणि ती बंद पडू नये म्हणून तिच्यात हेपरिन भरून ठेवलेलं. आता पहिले पाच मिलि टाकून देतात, मग नळी भरतात. जमलं तर हाताच्या शिरेतूनच घेतात. इंटर्नल कंट्रोल उठला नाही तर रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. ‘तपासणी अवैध, नमुना पुन्हा पाठवा’ असं लिहायचं. तीन अवैध नमुने निगेटिव्ह म्हणून गेले असते तर डॉक्टर निर्धास्त झाले असते.

प्लाझ्मा त्याच दिवशी वेगळा करतो. मे महिन्यात पारा ४२-४३ला असताना नळी वॉर्डच्या टेबलावर दुपारभर पडू देणं म्हणजे नमुना वाया घालवणं. एक मिलि प्लाझ्मा एक्स्ट्रॅक्शनला, म्हणजे डीएनए वेगळा काढायला (अर्ध्या मिलिच्या खाली मी नमुना घेतच नाही), इल्यूशन (निघालेला डीएनए द्रवात उतरवणं) ६० मायक्रोलिटरमध्ये, त्यातले १० मायक्रोलिटर मशीनच्या प्लेटमधल्या एका विहिरीत (खळग्यात), प्रत्येक नमुन्याच्या दोन विहिरी, ४५ सायकल. इल्यूशन १००च्या वर नेलं की आधीच चिमूटभर असलेला डीएनए आणखी पातळ होतो. कोविडच्या सवयीने ३५ सीटीला (सिग्नल कितव्या सायकलला उठला तो आकडा) रेघ मारणाऱ्यांनी ती सवय सोडावी. इथे खरे पॉझिटिव्ह बहुतेक ३५च्या पुढेच येतात.

आणि इतका थोडा डीएनए शोधायचा म्हणूनच हवेची भीती. ॲस्परजिलस सगळीकडे आहे: कडब्यात, जुन्या ज्वारीच्या पोत्यात, पाडकामाच्या धुळीत. प्रत्येक रनमध्ये एक रिकामा नमुना, म्हणजे नुसतं निर्जंतुक पाणी, एक्स्ट्रॅक्शनपासूनच बरोबर चालवतो. फक्त शेवटच्या टप्प्यात पाणी घातलं तर आधीची घाण दिसत नाही. एका उन्हाळ्यात हा रिकामा नमुनाच ३८ला उठला. अख्खी रन टाकून दिली. शोधत गेलो तर नमुने उघडायच्या खोलीत कूलर, आत ओलं गवत, आणि झोत सरळ टेबलावर. कूलर बाहेर गेला, नळ्या फक्त बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये (गाळलेली हवा खेळणाऱ्या बंदिस्त कपाटात) उघडायचं ठरलं, पिपेटच्या टिप फिल्टरच्या. नंतर तो प्रकार झाला नाही. वॉर्डातही कूलर नको, हे तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो.

नमुने सोमवार आणि गुरुवारी. गॅलॅक्टोमॅनन हा ॲस्परजिलसच्या भिंतीतला पदार्थही रक्तात शोधतात; त्याची एलायझा प्लेट (त्या तपासणीचं किट) चार नमुन्यांसाठी लावणं परवडत नाही, म्हणून त्याचं सीरम बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या गाडीने पुण्याला जातं. गुरुवारचं शुक्रवारी पोचतं. शनिवारी पाठवलं की रविवारी पडून राहतं.

रिपोर्ट वाचताना घाई दोन्ही बाजूंनी होते. एक निगेटिव्ह बराच भरवशाचा असतो, एक पॉझिटिव्ह तेवढा नाही. २०२०च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही रक्ताचे लागोपाठ दोन पॉझिटिव्ह धरले आहेत. पहिला आला की मी फोन करतो: आजच दुसरी नळी, आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन). पोसाकोनॅझोल (बुरशी होऊ नये म्हणून दिलेली गोळी) चालू असलेल्या, ताप नसलेल्या पेशंटची दर आठवड्याला तपासणी करू नये. तिथे खोटे पॉझिटिव्हच जास्त हाती लागतात. एएलएलमध्ये (रक्ताच्या दुसऱ्या एका तीव्र कर्करोगात) उलट आहे. तिथल्या केमोतल्या व्हिंक्रिस्टीनबरोबर ॲझोल (पोसाकोनॅझोलच्या गटातलं औषध) दिलं तर नसांना इजा होते, म्हणून प्रतिबंधक गोळी टाळतात, आणि तिथे ही तपासणी खरी उपयोगी पडते.

म्युकर (‘काळी बुरशी’) मात्र यात सापडत नाही. गॅलॅक्टोमॅननमध्येही नाही, आणि ॲस्परजिलसवरचं औषध व्होरिकोनॅझोल त्याच्यावर चालत नाही. साखर वाढलेली, नाकाशेजारी सूज, किंवा सीटी स्कॅनमध्ये उलटा हेलो (धूसर डागाभोवती घट्ट कडं) दिसला तर म्युकरची वेगळी पीसीआर मागा आणि ॲम्फोटेरिसिन (म्युकरवरचं औषध) रिपोर्टसाठी थांबवू नका.

न्यूट्रोफिल वर आल्यावर पहिल्या आठवड्यात सीटी स्कॅनमधला डाग मोठा दिसतो. औषध लागू पडत असतानाही दिसतो. पीसीआर निगेटिव्ह झालेली आणि ताप उतरलेला असेल तर निव्वळ त्या सीटीवरून औषध बदलू नये.