एवढे मार्क, मग ॲडमिशन अजून कशी नाही?

डिसेंबर लागला की फोनवर हाच प्रश्न असतो. पुण्याच्या वन्सं विचारतात, साताऱ्याचे मामा विचारतात, इथे न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतही कुणीतरी विचारतंच. आमची मुलगी बारावीत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

आपल्याकडे सीईटीचा पर्सेंटाइल हातात आला की गेल्या वर्षीचे कटऑफ काढून बसायचं. कॅप राउंडला पसंतीक्रम भरायचा. पोरगं साधारण कुठे लागणार याचा अंदाज शेजारच्या काकूंनाही असतो. इथे मार्क लागतातच, पण ते बघून कुणी यादी लावत नाही. जोडीला साडेसहाशे शब्दांपर्यंतचा निबंध, अभ्यासाबाहेरच्या जास्तीत जास्त दहा गोष्टी, शिक्षकांची शिफारसपत्रं. एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा कुणी मागतं, कुणी मागत नाही, आणि कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर प्रवेश देताना ती बघतच नाहीत. खासगी नामवंत कॉलेजं स्वतःला हवा तसा वर्ग जमवतात. त्यांना ऑर्केस्ट्रात ओबो वाजवणारा हवा असतो, मोंटानासारख्या तुरळक वस्तीच्या राज्यातलं कुणीतरी हवं असतं. त्यामुळे ‘तिला का नाही आणि त्याला का’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. कॉलेज ते देत नाही.

आता सुट्टीतच हा घोळ का, ते. ‘अर्ली डिसिजन’ म्हणून एक प्रकार आहे. एकाच कॉलेजला, बहुधा एक नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा आणि मिळालं तर तिथेच जाईन असं लिहून द्यायचं. मुलीची सही, आईवडिलांपैकी एकाची सही, शाळेच्या समुपदेशकाची सही. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. होकार, नकार किंवा ‘डिफर्ड’, म्हणजे तुमचा अर्ज आम्ही नेहमीच्या गठ्ठ्यात टाकतो, मार्चअखेर बघू. आणि बाकीच्या बहुतेक मोठ्या कॉलेजांची मुदत संपते एक जानेवारीच्या आसपास. म्हणजे होकार आला नाही तर नाताळची सुट्टी निबंध लिहिण्यात जाते. शाळा बंद, समुपदेशक गावाला.

आमच्याकडे डिफर्ड आलं. निकाल संध्याकाळी सातला लागणार होता, पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच. वन्सं गजर लावून उठल्या होत्या. ‘डिफर्ड म्हणजे पास की नापास?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता, पण उत्तर देईपर्यंत मुलगी जिना चढून खोलीत गेली होती.

सासूबाई सध्या इथेच आहेत. पूर्वी जाड पाकीट आलं तर होकार, पातळ आलं तर नकार, असं कुणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं. आता निकाल पोर्टलवर लागतो, पण टपालपेटी रोज भरलेली असते, कारण मुलांची नावं विकत घेऊन कॉलेजं जाहिराती पाठवतात. हिरवळ, वीटकामाच्या इमारती, हसरी मुलं. सासूबाई प्रत्येक जाड पाकीट देवासमोर ठेवतात. त्यातलं एकही उघडायला मुलगी तयार नाही, आणि मी ती कचऱ्यात टाकायला तयार नाही, निदान त्या इथे आहेत तोवर.

बाकी घरात ‘आमचंच कॉलेज का?’ चाललंय. जवळपास प्रत्येकाला हे वेगळं लिहून हवं असतं. पंचवीस तारखेला, लोक भेटी उघडत असताना, ती कधीही न पाहिलेल्या गावातल्या कॉलेजवर आपलं किती प्रेम आहे ते अडीचशे शब्दांत बसवत होती. नवरा मधूनच ‘स्वल्पविराम बघू का?’ म्हणून डोकावतो आणि हाकलला जातो.

‘आम्हीही अर्ली डिसिजन करू का?’ असं विचारणाऱ्यांना माझं मत सरळ सांगते. त्या फेरीत प्रवेशाचं प्रमाण जास्त दिसतं, पण त्यात आधीच निवडलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. खरी सोय कॉलेजची आहे. आपल्या किती जागा नक्की भरल्या ते त्यांना डिसेंबरातच कळतं. आपण मात्र दुसरं कॉलेज किती आर्थिक मदत देईल हे न बघताच शब्द देऊन बसतो. कॉलेजांच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला किती खर्च पडेल याचा अंदाज देणारा, तो आधी भरा. आलेला आकडा चार वर्षं झेपणार असेल तरच सही करा.

तसा एक होकार आमच्याकडे आहे. पिट्सबर्गसारखी काही विद्यापीठं अर्ज येतील तसे निकाल देतात, तिथला. मामा म्हणाले, ‘मग झालं की!’ मलाही तसंच वाटतं, पण हे तिच्यासमोर म्हणायची सध्या सोय नाही.

उरलेले निकाल मार्चअखेरपर्यंत लागतील. कुठे जायचं ते कळवायची मुदत बहुतेक ठिकाणी एक मे, महाराष्ट्र दिन. तोवर फोन जरूर करा, पण मला, तिला नको. आणि सकाळचा चहा झाल्या झाल्या साडेनऊला नको, इथे सध्या तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात.