पान वाजता कामा नये

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं त्या संध्याकाळी मी कपाटातला पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात बाईंचं एक कार्ड आहे. ते पुन्हा वाचलं आणि मगच लिहायला बसलो.

स्मरणिकेत खरं तर सगळ्यांबद्दल लिहायला हवं. गणिताच्या सरांबद्दल, पीटीच्या सरांबद्दल, पावसात भिजत घंटा देणाऱ्या मामांबद्दल. त्यांच्यावर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते मराठीच्या बाईंबद्दल, आणि त्यातही त्यांनी आम्हाला दिलेल्या एका दिवसाबद्दल.

मी नववी ब मध्ये होतो. साल १९८२, नारळी पौर्णिमेची सुट्टी. आदल्या दिवशी बाई वर्गात म्हणाल्या, "उद्या ज्यांना यायचंय त्यांनी पावणेसहाला यावं. वही आणा. उद्या आपण दिवसभर रेडिओ ऐकायचा, पण गाणी सोडून. फक्त माणसं बोलतात ते ऐकायचं." वर्गात एकेचाळीस मुलं होती, आलो एकोणीस जण. काळोखात, छत्र्या घेऊन. हेडसरांच्या खोलीतला तो लाकडी खोक्याचा मर्फी रेडिओ बाईंनी आधीच वर्गात आणवून घेतला होता. टेबलावर मध्यभागी ठेवून त्यावरचं भरतकामाचं कापड त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं. "आज याला झाकायचं नाही," म्हणाल्या.

आधी नुसती खरखर. मग आकाशवाणीची संकेतधून, प्रक्षेपण सुरू होताना वाजते ती. ती आपण सगळ्यांनी हजार वेळा ऐकलेली, पण अंधाऱ्या वर्गात, बाकांवर गप्प बसून ऐकली ती त्या दिवशीच. नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने ती बांधली, हे मला फार पुढे कळलं. मग वंदे मातरम्, मंगलध्वनी आणि निवेदिकेचा आवाज. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ.

बाईंनी एकच नियम सांगितला होता. प्रत्येक कार्यक्रमातलं एक वाक्य वहीत लिहायचं, कानावर पडलं तसंच्या तसं. सारांश नको, "छान माहिती मिळाली" वगैरे नको. एकच वाक्य, पण शब्दाला शब्द.

सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या. "इयम् आकाशवाणी" म्हटल्याबरोबर आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. बलदेवानंद सागर यांचा तो स्वच्छ आवाज संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "किती शब्द कळले?" मोजले तर बरेच कळले होते. प्रधानमंत्री, देश, वृष्टि. १९७४ पासून रोज या बातम्या लागत होत्या आणि आमच्यापैकी एकानेही त्या नीट ऐकल्या नव्हत्या. पाठोपाठ सात पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांच्या आवाजावर तर त्या काळात घराघरातली घड्याळं लागायची. त्यांचं नाव कानावर आलं की आई चहाचं आधण उतरवायची. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. तोवर माझ्या वहीत चार वाक्यं झाली होती.

त्यातलं एक हवामानाचं होतं: "तुरळक ठिकाणी हलक्या स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे." बाईंनी ते फळ्यावर लिहायला लावलं. विचारलं, "तुरळक म्हणजे काय?" कोणी म्हणालं थोडं, कोणी म्हणालं कमी. "मग 'थोड्या ठिकाणी' का नाही म्हटलं?" त्या एका शब्दावर आमची पंचवीस मिनिटं गेली. डोक्यावरचे तुरळक केस, माळावरची तुरळक झाडं, बाजार उठल्यावर राहिलेली तुरळक माणसं. थोडं म्हणजे नुसतं मोजमाप. तुरळक म्हटलं की मधली मोकळी जागाही दिसते, असं बाईंनी शेवटी सांगितलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आम्ही तुरळक या शब्दात बुडालो होतो. आज इतक्या वर्षांनी तो शब्द कुठेही ऐकला की मला तो ओला फळा दिसतो.

सकाळची सभा, म्हणजे प्रक्षेपणाचं सकाळचं सत्र, संपल्यावर केंद्र गप्प झालं. मुली राखी बांधायला घरी जाऊन आल्या. येताना कुणी कुणी नारळीभाताचे डबे आणले. त्या मधल्या वेळात बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या, म्हणून लिहितो.

पहिली गांधीजींची. १२ नोव्हेंबर १९४७ ला, दिवाळीच्या दिवशी, गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात आले. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांना त्यांना भेटायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून रेडिओवरून बोलले. स्टुडिओत येऊन केलेलं त्यांचं हे एकच भाषण. बाई म्हणाल्या, "समोर माणूस नाही, आणि तरी लाखो निर्वासितांशी बोलायचंय. कसे बोलले असतील?" आता १२ नोव्हेंबर हा लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. दर वर्षी त्या तारखेला मला गांधीजींच्या आधी बाई आठवतात.

दुसरी गोष्ट त्यांच्या माहेरची. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, त्यावर बोलायचं, आणि मनात येतील ते प्रश्न केंद्राला लिहून कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळायची. बाईंच्या गावात असं मंडळ होतं. वडील चावडीत जायचे आणि लहानग्या बाई त्यांचा कंदील धरायला. एकदा त्यांच्या गावाचा प्रश्न रेडिओवर आला, खताच्या खड्ड्याबद्दलचा. "चावडीतली सगळी माणसं उभी राहिली," बाई सांगत होत्या. "नाव ऐकून. आपल्या गावाचं नाव पुण्याहून परत आलं म्हणून." हे सांगताना त्यांचा आवाज हलला. आम्ही कधी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

आणि मग दुपारच्या सभेत ते घडलं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. मधमाश्यांवर एक भाषण होतं, दहा मिनिटांचं. वक्ते शांतपणे सांगत होते, आम्ही पेन्सिली घेऊन बसलो होतो. मध्येच बाईंनी बोट वर केलं. आम्हाला काहीच कळलं नाही. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय ऐकू आलं?"

राणीमाशी, पोळं, पराग, आम्ही एकेक सांगत गेलो.

"पान वाजलं," बाई म्हणाल्या. "त्यांनी कागद उलटला. तोवर ते आपल्याशी बोलत होते. पान वाजलं आणि आपल्याला कळलं की ते वाचतायत."

मग त्यांनी आमच्या वह्यांचे मधले जोडकागद काढून घेतले आणि शिकवलं. कागद सुटे ठेवायचे, टाचणी लावायची नाही. एकाच बाजूला लिहायचं. वाक्य पानाच्या तळाशी तोडायचं नाही, तिथे पूर्ण करायचं. आणि पान संपलं की उलटायचं नाही. दोन बोटांनी कोपरा धरून अलगद डावीकडे सरकवायचं, खालच्या कागदाला घासू द्यायचं नाही. आम्ही एकोणीस जण एकामागून एक टेबलापाशी उभं राहून धड्यातले दोन कागद वाचत होतो. बाकीचे डोळे मिटून बसले होते, आणि ज्याचं पान वाजेल त्याच्या वेळी सगळ्यांची बोटं वर जात होती. माझं दोनदा वाजलं. तिसऱ्यांदा नाही. डोळे उघडून बाई म्हणाल्या, "आता तू बोललास."

हे सगळं त्यांना कुठून माहीत होतं? त्या स्वतः दोनदा पुण्याला शिवाजीनगरच्या केंद्रावर जाऊन भाषणं देऊन आल्या होत्या. शाळेत कधी कुणाला बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी विचारलं म्हणून कळलं.

संध्याकाळचे कार्यक्रम आम्ही बाईंच्या ओसरीवर ऐकले, त्यांच्या ट्रान्झिस्टरवर. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, बाजारभाव. आमच्यातल्या एकाच्या घरी कांदा होता. त्याने वहीत क्विंटलचा किमान आणि कमाल भाव लिहिला. बाईंनी त्याचं वाक्य सगळ्यांत चांगलं ठरवलं, कारण त्याला ते ऐकायची गरज होती. रात्र झाली तसं मुंबई केंद्रही स्पष्ट लागायला लागलं. मध्यम लहरी अंधारात लांबवर जातात ते तेव्हा समजलं. नऊनंतर आम्ही सातच उरलो होतो. वहीत माझी सतरा वाक्यं झाली होती. ती वही पुढे एका पावसात गेली.

पुढचं थोडक्यात. १९९४ मध्ये आवाजाची चाचणी देऊन मी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक झालो. नोकरी सांभाळून महिन्यातल्या काही सभा करायचो. पहाटेच्या सभेला केंद्रावर पोचायचं, क्यू शीट म्हणजे कार्यक्रमांचा क्रम लिहिलेला कागद बघायचा, लाल दिवा लागला की फेडर, म्हणजे आवाज सोडायची सरकती कळ, वर करायचा. ते काम मी बावीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर अंध विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. नववी-दहावीची सगळी भाषेची पुस्तकं झाली, आता इतिहास चालू आहे. ही मुलं इतकी बारीक ऐकतात की श्वास कुठे घेतला तेही सांगतात. त्यांच्यासमोर बसलो की बाईंच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. नवी इमारत देखणी आहे, वर्गावर्गात पडदे आहेत, आनंद वाटला. मर्फीची चौकशी केली तेव्हा तो भंगारात गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. रेडिओवरही आता दहा मिनिटांचं सलग भाषण क्वचित लागतं. मध्यम लहरींची बरीच प्रक्षेपणं बंद झाली, जे आहे ते मोबाइलवर. पण एक माणूस दहा मिनिटं एकाच विषयावर बोलतोय आणि एकोणीस मुलं नुसती ऐकतायत, हे पुन्हा व्हावं असं मला मनापासून वाटतं. शाळेने वर्षातला एक दिवस त्यासाठी द्यावा, ही माझी हात जोडून विनंती आहे. मी येईन, लागतील तितके तास बसेन.

आता ते कार्ड. १९९५ मध्ये माझं पहिलं स्वतःचं भाषण प्रसारित झालं, विषय गावातल्या जुन्या विहिरींचा. बाईंना आधी कळवलं होतं. आठ दिवसांनी पंधरा पैशांचं कार्ड आलं, त्यांच्या त्या उभट अक्षरात:

"भाषण ऐकलं. तिसऱ्या मिनिटाला पान वाजलं. बाकी तू बोललास."

आणि पत्त्याच्या बाजूला, उरलेल्या जागेत: "पुढचं कधी, ते आधी कळव. सेल नवे घालून ठेवते."

पुढचं भाषण दोन वर्षांनी झालं. तेव्हा कळवायला बाई नव्हत्या.

कार्ड समारंभाला घेऊन येतोय. प्रदर्शनात ठेवायचं असेल तर काचेत असं ठेवा की दोन्ही बाजू वाचता येतील.