मूळ आकडे पुरवणीत पाहावेत

एका जुन्या शोधनिबंधातील मोजमापे मला माझ्या विश्लेषणात घ्यायची होती. निबंधात सरासरी आणि आलेख होते, पण प्रत्येक नमुन्याचे आकडे 'पुरवणी तक्ता ३ मध्ये पाहावेत' असे तळटिपेत म्हटले होते. निबंध सर्वांसाठी खुला होता आणि पुरवणीही विनामूल्य उतरवून घेता येत होती. ती उघडली तेव्हा ४२ पानांची पीडीएफ निघाली आणि तक्ता ३ तिच्यात चित्र म्हणून चिकटवलेला आढळला. एकेक आकडा डोळ्यांनी वाचून टंकण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पडताळणी करताना लक्षात आले, की शेवटच्या स्तंभात अधूनमधून येणारा ९९९ हा आकडा मोजमाप नसावा, तर 'नोंद उपलब्ध नाही' यासाठीची खूण असावी. तसे कुठेही लिहिलेले नव्हते. बाकीची सगळी मूल्ये १० ते ४० च्या दरम्यान होती, एवढाच काय तो माझ्याकडचा आधार.

मुक्त प्रवेशाची चर्चा बहुतेक वेळा निबंध वाचायला पैसे मोजावे लागतात की नाही, इथेच थांबते. माझ्या मते खरी अडचण त्याच्या पुढची आहे. निष्कर्ष ज्या आकड्यांवर उभा असतो ते आकडे पुरवणीत असतात, आणि संपूर्ण प्रकाशनव्यवहारात सर्वांत कमी निगा राखली जाते ती याच भागाची. छापील अंकातील पाने मोजकी होती तोवर पुरवणी हा तसा किरकोळ प्रकार होता. जर्नले संकेतस्थळांवर आली आणि तिला मर्यादाच उरली नाही. 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'ने तर २०१० मध्ये पुरवणी साहित्य स्वीकारणेच बंद केले, कारण समीक्षकांवरचा भार वाढत चालला होता आणि निबंध स्वतःपुरता पूर्ण राहत नव्हता. दुखणे त्यांनी अचूक ओळखले, असे मला वाटते. पण पुरवणी काढून टाकल्याने आकड्यांना आपोआप दुसरे घर मिळत नाही.

अनेक निबंधांत तर पुरवणीऐवजी 'वाजवी विनंती केल्यास विदा उपलब्ध करून दिली जाईल' हे एकच वाक्य असते (विदा म्हणजे डेटा, मूळ आकडे आणि नोंदी). २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आश्वासन देणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच पत्रे पाठवण्यात आली. विदा हाती आली ती जेमतेम ७ टक्क्यांकडून. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असे मी मानत नाही. विद्यार्थी संस्था सोडून जातो, ईमेल पत्ता बंद होतो, संगणक बदलला जातो. २ ते २२ वर्षे जुन्या ५१६ निबंधांच्या २०१४ मधील पाहणीत, विदा शिल्लक असण्याची शक्यता दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घटत असल्याचे दिसले होते.

फाइल खुली आणि यंत्राला वाचता येण्याजोगी असेल तर काय घडते, याचे माझे आवडते उदाहरण एक्सेलचे आहे. 'सेप्ट२' किंवा 'मार्च१' अशी जनुकांची नावे टंकली, की एक्सेल त्यांना तारखा समजते आणि निमूटपणे २ सप्टेंबर किंवा १ मार्च करून टाकते. २०१६ मध्ये 'जीनोम बायॉलॉजी'त एक तपासणी प्रसिद्ध झाली: जनुकांच्या याद्या एक्सेल पुरवणीत देणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत 'सेप्टिन२', 'मार्चएफ१' अशी नवी नावे रूढ केली. (सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने नमते घेतले, असेही म्हणता येईल.) या चुका लेखकांना, समीक्षकांना आणि संपादकांना दिसल्या नव्हत्या, त्या सापडल्या, कारण हजारो पुरवण्या उतरवून घेऊन प्रोग्रॅमने तपासणे शक्य होते. माझ्या त्या ४२ पानांच्या पीडीएफमध्ये अशी एखादी चूक असती, तर ती तशीच राहिली असती.

मूळ आकडे नीट जपून खुले ठेवणे अशक्यप्राय आहे, असे म्हणायला जागा नाही. प्रथिनांच्या रचनांसाठी 'प्रोटीन डेटा बँक' १९७१ पासून आहे, जनुकीय अनुक्रमांसाठी 'जेनबँक' १९८२ पासून. या क्षेत्रांत विदा तिथे जमा करून मिळालेला नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय निबंध छापायचा नाही, ही शिस्त अनेक जर्नलांनी अंगी बाणवली. इतरांसाठी 'ड्रायड', 'झेनोडो' यांसारखी भांडारे आहेत. तिथे विदासंचाला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो आणि त्याचा संदर्भ स्वतंत्रपणे देता येतो. रुग्णांच्या नोंदी अशा उघड्यावर ठेवता येत नाहीत हे खरेच. तिथे अर्ज आणि छाननी हवी, पण छाननी करणारी संस्था टिकाऊ असावी, एकट्या लेखकाचा ईमेल पत्ता नव्हे.

मागच्या महिन्यात माझी स्वतःची विदा भांडारात ठेवली. तक्ते सीएसव्ही, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशा साध्या स्वरूपात दिले आणि सोबत प्रत्येक स्तंभाचे नाव, एकक आणि अर्थ सांगणारी साधी मजकुराची फाइल जोडली. तक्ते तयार करायला एक तास लागला, ही फाइल लिहायला जवळजवळ पूर्ण दिवस, कारण दोन स्तंभांची एकके मलाच आठवेनात आणि जुन्या वह्या काढाव्या लागल्या. तिची पहिली ओळ अशी आहे: रिकामा रकाना म्हणजे मोजमाप घेतले गेले नाही, ० म्हणजे मोजमाप घेतले आणि ते शून्य आले.