वलंदेजांची गल्ली

भारतातून पाहुणे आले की मी त्यांना मेलबर्न दाखवायला नेते. लायगन स्ट्रीटवर इटालियन कॉफी होते, ओकलीत ग्रीक मिठाई होते, आणि परतीच्या वाटेवर कोणीतरी हमखास विचारते, "तू डच आजी-आजोबांच्या वृद्धाश्रमात काम करतेस ना? मग डचांची गल्ली कुठे आहे?" गेल्या खेपेला तुम्हीही हेच विचारलेत. गाडी चालवता चालवता मी काहीतरी थातुरमातुर बोलले. आता सवडीने लिहीत आहे.

मेलबर्नमध्ये तशी गल्ली नाही, आणि ती नसण्याचे कारण त्यांची संख्या कमी होती हे नव्हे. १९४७ च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात नेदरलँड्समध्ये जन्मलेली माणसे जेमतेम दोन हजार होती. १९६१ मध्ये ती एक लाखाच्या वर गेली. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटले आहे ते हेच डच, ज्यांच्या वखारीचे अवशेष वेंगुर्ल्याला उभे आहेत, एके काळी व्यापारासाठी जगभर फिरले. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जे निघाले ते सुतार, गवंडी, शेतकऱ्यांचे धाकटे मुलगे आणि नवी लग्न झालेली जोडपी होती. पाच वर्षांचा जर्मन ताबा, १९४४-४५ च्या हिवाळ्यातली उपासमार आणि त्यानंतर घरांची अशी टंचाई, की लग्न होऊनही वर्षानुवर्षे आईवडिलांच्या घरातल्या एका खोलीत बिऱ्हाड थाटावे लागे. १९५० च्या नववर्षाच्या भाषणात पंतप्रधान विलेम ड्रेस यांनीच सांगितले, की आपल्या लोकांपैकी काहींनी पूर्वीच्या शतकांप्रमाणे मोठ्या भूभागांत भवितव्य शोधण्याचे धाडस करावे. सरकारच 'जा' म्हणत होते आणि प्रवासखर्चाचा वाटाही उचलत होते; १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी तसा करार झाला. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत शिरला आणि अठराशेहून अधिक माणसे बुडाली, तेव्हा जावे की न जावे अशा विचारात असलेल्या कित्येकांचा निर्णय झाला.

पैसा मात्र फारसा बाहेर नेता येत नसे, कारण परकीय चलनावर कडक निर्बंध होते. मग लोकांनी बचतीच्या वस्तू केल्या. लाकडी पेटारे बनवून घेतले, काही तर लहान खोलीएवढे, आणि त्यांत शिवणयंत्र, सायकली, चुली, जाड गालिचे, क्वचित पियानोसुद्धा भरला. काहींनी सुटे भाग जोडून उभारायचे अख्खे घरच जहाजावर चढवले. आमच्या आश्रमातल्या एका आजींना त्या पेटाऱ्यात काय कुठे होते हे आजही क्रमाने सांगता येते. सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नाही.

जहाजातून उतरल्यावर सरकारी मदतीने आलेल्या अनेकांना आगगाडीने बोनगिला येथे नेत. ती ऑल्बरी शहराजवळची जुनी लष्करी छावणी होती, आणि १९४७ ते १९७१ या काळात युरोपभरचे तीन लाखांहून अधिक स्थलांतरित तिथून गेले. पत्र्याच्या खोल्या, लष्करी खाटा आणि रोजचे मटण. मटणाबद्दलची तक्रार मी इतक्या तोंडांनी ऐकली आहे, की सत्तर वर्षांत तिचा वास कमी झालेला नाही असे म्हणावे लागेल.

आता ते दिसेनासे कसे झाले याकडे येते. ऑस्ट्रेलियाला ते हवे होते तेच मुळी ते दिसणार नाहीत म्हणून. गोरे, कष्टाळू, इंग्रजांच्या जवळचे. वर्षा-दोन वर्षांत मिसळून जातील, अशी खात्री बाळगून त्यांना निवडले गेले. त्याच वर्षांत इंडोनेशियातून बाहेर पडलेल्या मिश्र वंशाच्या डच कुटुंबांची कातडी किती गोरी आहे हे अधिकारी पारखत असत, आणि माझ्यासारखीला तर इथे स्थायिक होण्याचा विचारही करता आला नसता. सहज मिसळणारे म्हणून त्यांचे कौतुक होते, तेव्हा मला ही पारख आठवते आणि त्या कौतुकात मी मनापासून सामील होऊ शकत नाही.

दुसरे कारण त्यांनी बरोबर आणले होते. त्या काळच्या नेदरलँड्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या शाळा, वर्तमानपत्रे, कामगार संघटना, रेडिओ, इतकेच काय खेळाचे क्लबही वेगळे असत. सोयरीक तर सोडाच, पाव घ्यायचा तोही आपल्याच पंथाच्या दुकानातून. असे लोक परदेशात गेले म्हणून एका गल्लीत कसे राहतील? कॅथलिक इथल्या आयरिश वळणाच्या चर्चमध्ये जाऊन बसले. कडव्या कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंटांना इथले कोणतेच चर्च पटेना, म्हणून १९५१ मध्ये त्यांनी स्वतःचे उभारले, आणि पुढे मुलांच्या शाळाही. तुम्हाला गल्ली पाहायचीच असेल तर टास्मानियातल्या किंग्स्टनला जा: तिथे ग्रोनिंगन भागातल्या कुटुंबांनी एकत्र जमीन घेतली, आपल्या हातांनी घरे बांधली आणि वस्तीला 'लिटल ग्रोनिंगन' असे नाव पडले. १९६२ मध्ये पालकांनी चालवलेली त्यांची शाळा तिथेच सुरू झाली. जे एकत्र राहिले ते धर्मासाठी राहिले, भाषेसाठी नव्हे.

भाषा तर त्यांनी फार लवकर सोडली. घरात इंग्रजीकडे वळण्याच्या बाबतीत डच स्थलांतरित इथल्या जनगणनांत सातत्याने अगदी पुढे राहिले आहेत. शिक्षक सांगत की मुलांशी इंग्रजीच बोला, आणि आईवडील मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, तसेच करत. शिवाय 'साधे वागा, तेवढाच वेडेपणा पुरे' अशा अर्थाची त्यांच्यात म्हण आहे. चारचौघांत वेगळे उठून दिसणे त्यांना मुळातच आवडत नाही. पाच डिसेंबरचा सिंटरक्लासचा सण आणि क्लबातला पत्त्यांचा डाव एवढे उरले.

पण म्हातारपणी स्मृती विरू लागली की नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते. ज्या आजींच्या पेटाऱ्याबद्दल वर लिहिले, त्या गेल्या वर्षापासून फक्त डच बोलतात. त्यांची मुलगी साठीची आहे. तिला डच येत नाही. परवा आजी तिचा हात धरून काहीतरी पुनःपुन्हा म्हणत होत्या आणि ती माझ्याकडे पाहत होती. मला कामापुरते पन्नासेक शब्द येतात. "घरी जायचे म्हणत आहेत," मी सांगितले. "कुठल्या घरी?" तिने विचारले. तेवढे मात्र मला कळले नव्हते.

त्याच मुलीने नंतर मला आपल्या परसातली खोपटी दाखवली. वडिलांनी पेटाऱ्याच्या फळ्यांतून ती बांधली होती, आणि लोकांना दिसू नये म्हणून अक्षरांची बाजू आत वळवली होती. फावडी बाजूला सरकवली की काळ्या रंगात कुटुंबाचे नाव अजून वाचता येते, आणि त्याखाली रॉटरडॅम–मेलबर्न.