'भाड्याने' या शब्दापायी बॅन झाले (माझा अनुभव)

एका मोठ्या मराठी पेपरच्या साइटवर मला जानेवारी २०२५ मध्ये कमेंट करायला कायमची बंदी घातली आणि ती उठवायला मला बावीस दिवस लागले. कुणावर अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून जे झालं ते सगळं लिहितेय, जरा लांबेल.

मी बेळगावची, वडगावात राहते, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. माहेर गडहिंग्लज. आमच्याकडं बसची पाटी कन्नडमध्ये, शेताचा उतारा कन्नडमध्ये, कचेरीतला अर्ज कन्नडमध्ये, त्यामुळं दिवसभरात मराठीत चार ओळी लिहायला मिळण्याची जागा म्हणजे फळा आणि रात्री जेवणं झाल्यावर पेपरच्या बातमीखालची कमेंट. सहा-सात वर्षं लिहीत होते, नाव लावून.

३ जानेवारीला बातमी होती की कर्नाटकात बसचं तिकीट १५ टक्के वाढणार, ५ तारखेपासून. मी लिहिलं ते जसंच्या तसं देते: "आम्हा बायकांना शक्ती योजनेत तिकीट नाही, पण घरातल्या पुरुषांच्या भाड्याचे पैसे घरातूनच जातात. वडगावहून उद्यमबागला रोज जाणाऱ्याच्या भाड्यात महिन्याला किती वाढ होते याचा हिशोब करा. खेड्यातून येऊन भाड्याने खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांनी काय करायचं?" बस्स. (शक्ती योजना म्हणजे कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट.) आमचे हे उद्यमबागला फौंड्रीत आहेत, रोज बसनं जातात, म्हणून लिहिलं.

कमेंट दिसेना. मला वाटलं नेट गेलं, परत टाकली. तरी दिसेना, तिसऱ्यांदा टाकली, आणि लगेच इंग्रजीत लाल अक्षरात मेसेज आला की कम्युनिटी गाइडलाइन्स मोडल्यामुळं तुमचं अकाउंट कायमचं बंद केलं आहे. मराठी पेपर, मराठी बातमी, माझी कमेंट मराठीत आणि बंदीचा हुकूम तेवढा इंग्रजीत, ते बघून मला रडूच आलं. आणि त्यात कुठला नियम मोडला त्याचं एक अक्षर नाही. लेकाचं अकाउंट घरातल्या त्याच वायफायवर होतं, सकाळी बघितलं तर तेही बंद.

कारण सांगितलं नाही की माणूस आपलं आपण कारण शोधतो, आणि आमच्या भागात ते शोधायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, तू बेळगाव लिहितेस, बेळगावी लिहीत नाहीस, त्यावरून कुणी तरी तक्रार केली असणार. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, सीमाभागातली माणसं नको असतात त्यांना, कोर्टकचेरीची भीती. मलाही ते पटलं. १९५६ पासून आम्ही इकडं आहोत, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि आता महाराष्ट्रातल्या पेपरनंच आपल्याला दारातून हाकललं असं वाटून दोन रात्री झोप लागली नाही. फेसबुकवर टाकायला एक लांबलचक पोस्टसुद्धा लिहून ठेवली होती. ती टाकली नाही हे फार बरं झालं, कारण खरं कारण भलतंच निघालं.

४ तारखेला रागाच्या भरात दोन पानी मेल केला, सीमाप्रश्नापासून सगळं घातलं त्यात. १० तारखेला दोन ओळींचं इंग्रजी उत्तर आलं, तेच छापील, निर्णय कायम आहे म्हणून. हे म्हणाले, "सोड की आता, दुसऱ्या पेपरात लिही." पण माझा बहिणीचा मुलगा टिळकवाडीत राहून लॉ करतोय, तो म्हणाला, "मावशी, तुझा मेल कुणी वाचलाच नसेल. असा लिहायचा नसतो."

त्यानं आधी माझा एक गैरसमज काढला. मी म्हणत होते की हा माझ्या बोलण्याच्या हक्कावर घाला आहे, आयटी कायद्याचं ६६ अ कलम कोर्टानं रद्द केलंय ना. तो म्हणाला, ते कलम २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केलं हे खरं, पण ते सरकारनं पोस्टवरून लोकांवर गुन्हे घालण्याबद्दल होतं, पेपर खाजगी आहे, तुझी कमेंट छापलीच पाहिजे अशी त्याच्यावर सक्ती नाही. मात्र २५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं जे आयटी नियम काढले त्यात तक्रार अधिकारी नेमायचा, त्याचा पत्ता साइटवर द्यायचा, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायचा असं आहे. साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात तो पत्ता होता. सहा-सात वर्षांत तिथपर्यंत मी कधी गेलेच नव्हते.

१३ तारखेला, भोगीच्या दिवशी, त्या पत्त्यावर दुसरा मेल केला. मराठीतच, पण दहा ओळींत. कुठली बातमी, तारीख, वेळ, कमेंटचा मजकूर जसाच्या तसा, लाल मेसेजचा स्क्रीनशॉट, आणि शेवटी दोनच प्रश्न: यातला कुठला शब्द कुठल्या नियमात बसत नाही, आणि हे माणसानं ठरवलं की मशीननं? दुसरा प्रश्न भाच्यानं घालायला लावला. दुसऱ्या दिवशी पोच आली, नंबरसकट.

आणि मग उत्तर मला शाळेतच मिळालं.

२० तारखेला सहावीला सामान्यरूप घेत होते. माझी पद्धत अशी की शब्द फळ्यावर लिहायचा, प्रत्यय डस्टरनं झाकायचा आणि मागं काय उरलं ते पोरांनी वाचायचं. घोडा, घोड्याने, 'ने' झाकला की घोड्या. तळे, तळ्यात, 'त' झाकला की तळ्या. तिसरा शब्द मी भाडे लिहिला, खाली भाड्याने, 'ने'वर डस्टर ठेवला आणि मागच्या बाकावरची पोरं फिस्सकन हसली. एकानं मोठ्यानं वाचलंसुद्धा. मी फळ्याकडं बघतच राहिले. डस्टरच्या डाव्या बाजूला खडूनं लिहिलेली, माझ्याच अक्षरातली, शिवी होती.

मधल्या सुट्टीत ती ३ तारखेची बातमी परत उघडली, वाचायला काही बंदी नव्हती. खाली शंभरावर कमेंट होत्या. त्यात भाडे होतं, भाडं होतं, भाडेवाढ तर पावलोपावली होतं, पण भाड्याचे, भाड्यात, भाड्याने असं एकाही कमेंटमध्ये नव्हतं. इतक्या मराठी माणसांनी भाड्यावर लिहिलं आणि एकालाही त्या शब्दाला प्रत्यय लावावासा वाटला नाही असं होणं शक्यच नाही. म्हणजे ज्यांनी ज्यांनी लावला ते सगळे अडकले होते. मी तिथंच उभ्या उभ्या तिसरा मेल केला, फळ्याच्या फोटोसकट.

२२ तारखेला फोन आला. डेस्कवरची मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची असेल. पहिलं वाक्य हेच की "मॅडम, तुमची कमेंट मी आज पहिल्यांदा वाचली." तिनं सांगितलं ते असं: एका शिफ्टला दोन माणसं आणि दिवसाला हजारो कमेंट, म्हणून आधी मशीन बघतं. शिव्यांची एक यादी आहे, त्यातला शब्द कुठंही आत सापडला की कमेंट अडते, तासात तीनदा अडली की अकाउंट आपोआप बंद. यादी मुळात हिंदीसाठी केलेली, नंतर कुणी तरी तीत मराठी शिव्या घातल्या. हिंदीत प्रत्यय सुटा राहतो, आपल्याकडं तो शब्दाला चिकटतो आणि चिकटताना शब्दाचं रूपच बदलतं, हे यादी करणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बेळगाव, सीमाभाग, कर्नाटक, यातलं काहीही कारण नव्हतं. मला हायसंही वाटलं आणि अठरा दिवस मनात जे धरून बसले होते त्याची लाजही वाटली.

मी तिला म्हटलं, आता घाईनं यादीतून तो शब्दच काढून टाकू नका. बॅन करू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. बाईमाणसानं नाव लावून लिहिलं की खाली काय काय येतं ते मी सोसलंय, एकदा तर लेकासमोर मोबाइल उलटा ठेवावा लागला होता. ब्रिटनच्या गार्डियन पेपरनं २०१६ मध्ये आपल्याकडच्या सात कोटी कमेंट तपासल्या, तर सगळ्यात जास्त शिवीगाळ झालेल्या दहा लेखकांत आठ बायका निघाल्या, हे मी कुठं तरी वाचलं होतं ते तिला सांगितलं. शिव्या देणाऱ्याला काढाच. नुसतं 'भाड्या' असेल तर अडवा, 'भाड्यांनो' असेल तर डोळे झाकून अडवा, कारण बसच्या तिकिटाला कुणी हाक मारत नाही. भाड्यात, भाड्याचे सोडून द्या, निदान माणसाला वाचायला ठेवा. भाड्याने मात्र दोन्हीकडं जातं, 'भाड्याने घर घेतलं' आणि 'त्या भाड्यानं वाटोळं केलं', तिथं मागचापुढचा शब्द वाचल्याशिवाय कळायचं नाही, आणि तो माणसानंच वाचला पाहिजे. ती हे सगळं लिहून घेत होती, मधेमधे "थांबा हं" म्हणत होती.

२५ तारखेला अकाउंट सुरू झालं, लेकाचंही. त्याच दिवशी महाराष्ट्रात एसटीचं तिकीट १४.९५ टक्के वाढलं होतं. मी गडहिंग्लजला जायच्या भाड्याबद्दल लिहिलं, भाड्यात हा शब्द मुद्दाम घातला आणि बटण दाबून बघत बसले. दोन मिनिटांत आली. बंदीचा मेसेज मराठीत करा आणि त्यात कारण लिहा हेही मी सांगितलं होतं, त्यातलं मराठी झालंय, कारणाचं अजून व्हायचंय, मी दर महिन्याला विचारते.

पुढं फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्हीकडच्या बस काही दिवस बंद पडल्या. त्या रात्री अकरा वाजता त्या मुलीचा फोन. "ताई, झोपला नाहीत ना? इथं कमेंटचा नुसता पाऊस पडतोय, देवनागरीत कन्नड लिहिलंय लोकांनी, शिवी कुठली आणि साधं बोलणं कुठलं आम्हाला कळंना." आमचं अर्धं आयुष्य कन्नड ऐकण्यात गेलंय. मी चष्मा लावून बसले, ती एकेक शब्द वाचून दाखवत होती आणि मी सांगत होते. एक वाईट शिवी निघाली, बाईवरून दिलेली, ती ऐकायला मराठीतल्या सुळे या आडनावासारखीच लागते. तिला म्हटलं, ही यादीत तशीच घातलीस तर उद्या सगळे सुळे बॅन होतील, ही हातानंच बघ. 'सुम्ने' म्हणजे उगीच, राहू दे. 'बिडी' म्हणजे विडी नव्हे, सोडा असं म्हणतोय तो. दोन मात्र अशा होत्या की त्यांचा अर्थ मी तिला सांगितला नाही, नुसतं "काढ" म्हटलं.

बारा वाजून गेले तेव्हा ती म्हणाली, शेवटचा एकच, एका मराठी कमेंटखाली कुणी तरी तीनदा लिहिलंय, 'हौदु हौदु हौदु'. म्हटलं, राहू दे गं, तो 'हो' म्हणतोय.